जठराचा कर्करोग आणि उपजत प्रतिकारशक्तीचे संवेदक : दाह हा एकच दुवा आहे का?

शरयू :

जठराच्या कर्करोगाबद्दल मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात बहुधा एकच साखळी सांगितलेली असते. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू लहानपणीच जठरात मुक्काम ठोकतो, त्यामुळे अस्तराचा दाह होतो, तो दाह दशकानुदशके चालतो आणि काही थोड्या माणसांत त्याचे पर्यवसान कर्करोगात होते. ही साखळी खोटी नाही. मात्र जीवाणू आणि दाह यांच्यामधल्या कडीकडे, म्हणजे आत परके कोणी आले आहे हे पेशींना मुळात कळते कसे याकडे, फारसे लक्ष जात नाही. गेल्या वीस वर्षांतील संशोधन वाचून माझे असे ठाम मत झाले आहे की, ही मधली कडी दाह तर पेटवतेच, पण काही वेळा दाहाला बाजूला ठेवून ती थेट गाठीच्या वाढीला हातभार लावते. त्याबद्दल सविस्तर लिहावे म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये पर्थ येथे हा जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याला निश्चित कर्ककारक ठरवले आणि २००५ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. कर्करोगाशी त्याचे नाते किती घट्ट आहे, हे २००१ मध्ये जपानमधील उएमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. त्यांनी १,५२६ रुग्णांचा सरासरी ७.८ वर्षे पाठपुरावा केला. लागण असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला आणि लागण नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही झाला नाही. हाच आकडा उलट बाजूने वाचला, तर लागण असूनही १,२१० जणांना त्या काळात कर्करोग झाला नाही. जीवाणू आवश्यक आहे, पण पुरेसा नाही, आणि उरलेला फरक कशामुळे पडतो या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर आपल्या स्वतःच्या संवेदकांत, म्हणजे परके रेणू ओळखणाऱ्या प्रथिनांत, आहे.

उपजत प्रतिकारशक्ती म्हणजे लस घेऊन किंवा आधी आजार होऊन कमावलेली नव्हे, तर जन्मतःच अंगी असलेली. तिला एकेक जीवाणू वेगळा ओळखता येत नाही. जीवाणूंच्या अंगी असणारे आणि मानवी पेशीत न आढळणारे काही ठरावीक रेणू तेवढे ओळखता येतात, असा तर्क चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये मांडला. पुढे १९९६ मध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने फळमाशीतील टोल या जनुकाचा बुरशीपासूनच्या संरक्षणाशी असलेला संबंध दाखवला, आणि १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने उंदरांमधील टोलसारख्याच एका रिसेप्टरला (रेणू पकडणाऱ्या प्रथिनाला), म्हणजे टीएलआर-४ ला, जीवाणूंच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड कळते हे सिद्ध केले. २०११ च्या नोबेल पारितोषिकात या दोघांचा वाटा होता. माणसात असे दहा टीएलआर आहेत, आणि त्यांखेरीज पेशीद्रवात नॉड, एनएलआरपी, एआयएम-२ अशा इतर संवेदकांची रांग आहे. हे सगळे फक्त रक्तातील पांढऱ्या पेशींत असतात, असा समज आहे. ते जठराच्या अस्तराच्या पेशींतही असतात, आणि माझ्या लेखनाचा सगळा भर या एका गोष्टीवर आहे.

पायलोरी या संवेदकांच्या नजरेतून निसटण्यात कमालीचा तरबेज आहे. त्याच्या लिपोपॉलिसॅकराइडमध्ये मेदाम्लांच्या साखळ्या कमी असतात आणि फॉस्फेटचे गट काढून टाकलेले असतात, त्यामुळे टीएलआर-४ त्याच्याकडे जवळजवळ दुर्लक्ष करतो. पोहण्यासाठी तो ज्या शेपट्या वापरतो त्यांच्या प्रथिनाचा जो भाग टीएलआर-५ एरवी पकडतो, नेमका तोच भाग त्याच्यात बदललेला आहे. इतका काळ एकाच जठरात टिकून राहण्याचे रहस्य बऱ्याच अंशी यात आहे.

मग दाह होतो कसा? ज्या वाणांत कॅग नावाचा सुमारे चाळीस हजार बेस-जोड्यांचा जनुकांचा पट्टा असतो, ते वाण अस्तराच्या पेशीला चिकटून सुईसारखी एक यंत्रणा तिच्यात खुपसतात. त्या वाटेने कॅग-ए हे प्रथिन पेशीत जाते आणि पेशीची वाढ व रचना बिघडवते. याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्याच वाटेने जीवाणूच्या भिंतीचे, म्हणजे पेप्टिडोग्लायकनचे, तुकडेही आत जातात आणि पेशीद्रवातील नॉड-१ ते ओळखतो, हे रिचर्ड फेरेरो यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले. त्यानंतर २०१७ ते २०१९ या काळात आणखी एक दुवा उलगडला. जीवाणू आपल्या लिपोपॉलिसॅकराइडसाठी जी हेप्टोज शर्करा तयार करतो, तिचे मधल्या टप्प्यावरचे रूप पेशीत शिरले की एएलपीके-१ हा संवेदक जागा होतो, टायफा या प्रथिनाचे पुंजके जमतात आणि एनएफ-कप्पा-बी ही दाहाची मुख्य कळ दाबली जाते. बाहेरून चुकवलेली ओळख या जीवाणूला स्वतःच्याच यंत्रणेमुळे आतून द्यावी लागते.

येथवरचे सगळे 'संवेदक, मग दाह, मग कर्करोग' या साखळीत बसते. जे बसत नाही, ते मेलबर्नमधील ब्रेंडन जेन्किन्स यांच्या गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्याकडे उंदरांचा एक वाण आहे. त्याच्या जीपी-१३० या रिसेप्टरमधील एकच अमिनो आम्ल बदललेले असल्यामुळे एसटीएटी-३ या संदेशवाहकाला लगाम घालणारी व्यवस्था काम करत नाही. या उंदरांना पायलोरीची लागण न करताही जठराच्या खालच्या भागात गाठी येतात. या गाठींच्या अस्तरपेशींत एसटीएटी-३ स्वतःच टीएलआर-२ चे प्रमाण वाढवतो, असे आढळले. टीएलआर-२ चे जनुक काढून टाकले किंवा त्याला प्रतिपिंडाने अडवले, तेव्हा गाठी लहान झाल्या, पेशींचे विभाजन मंदावले आणि पेशींचे नियोजित मरण वाढले. दाह मात्र होता तेवढाच राहिला. ज्या रुग्णांच्या गाठीत ही साखळी अधिक सक्रिय होती, त्यांचे आयुर्मान कमी असल्याचेही त्याच शोधनिबंधात नोंदवले आहे.

दाह कायम असताना गाठ खुरटते, याचा अर्थ तो संवेदक अस्तराच्या पेशीलाच 'वाढ' आणि 'मरू नको' असे सांगत होता. सुजाण वाचकांनी आपली मते जरूर मांडावीत.


कृष्णाकाठ :

शरयूताई, अतिशय नेटकी मांडणी. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे रोजच्या कामातून दिसणारे थोडेसे लिहितो. दुर्बिणीची तपासणी करताना जठराचा जो बारीकसा तुकडा काढतात, तो युरिएज तपासणीच्या पिवळ्या जेलमध्ये टाकला की लागण असल्यास जेल गुलाबी होते. युरिया फोडून अमोनिया तयार करण्याची या जीवाणूची ताकद त्यातून दिसते. दुसरा तुकडा आमच्याकडे येतो. जिम्सा रंग दिलेल्या काचेवर अस्तराच्या वरच्या श्लेष्मात, ग्रंथींच्या तोंडाशी, बाकदार निळसर जीवाणू ओळीने दिसतात. त्यांतले बहुतेक पेशीत शिरत नाहीत. श्लेष्मात असतात किंवा पेशीला चिकटलेले असतात.

माझा प्रश्न असा आहे. कोलंबियातील पेलायो कोरेया यांनी जो क्रम सांगितला, म्हणजे जुनाट दाह, मग ग्रंथींचा क्षय, मग जठराच्या अस्तराचे आतड्यासारख्या अस्तरात रूपांतर, मग विकृत पेशी आणि शेवटी कर्करोग, त्यातील तिसऱ्या टप्प्यावर आम्हाला बहुधा जीवाणू सापडतच नाहीत. अल्शियन ब्लू रंगात निळ्याशार गॉब्लेट पेशी, म्हणजे आतड्यातल्या श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी, दिसतात, पण पायलोरी नाहीसा झालेला असतो, कारण आम्ल कमी झालेल्या आणि आतड्यासारख्या झालेल्या अस्तरावर त्याला राहता येत नाही. जीवाणूच नसेल, तर हे संवेदक त्यानंतर ओळखतात तरी काय?


शरयू :

कृष्णाकाठ, या विषयातला सर्वांत कळीचा प्रश्न आपण विचारलात, म्हणून थोडे विस्ताराने उत्तर देते.

पहिली शक्यता म्हणजे दुसरे जीवाणू. आम्ल कमी झाले की एरवी जठरात मरून जाणारे तोंडातले व आतड्यातले जीवाणू तेथे तग धरू लागतात. पायलोरीने टीएलआर-४ आणि टीएलआर-५ यांना चुकवण्यासाठी जी वेशांतरे केली आहेत, ती या नवागतांनी केलेली नसतात. त्यांचे लिपोपॉलिसॅकराइड आणि त्यांच्या शेपट्या या संवेदकांना व्यवस्थित ओळखू येतात. निरोगी अस्तरात काही टीएलआर पेशीच्या ठरावीक बाजूलाच असतात, तर आतड्यासारखे झालेल्या आणि विकृत अस्तरात ते पेशीभर विखुरलेले दिसतात, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. पायलोरी निघून गेल्यानंतर हे संवेदक उलट अधिक जागे राहू शकतात, असे मला वाटते.

दुसरी शक्यता म्हणजे आपल्याच पेशींचा ऐवज. मरणाऱ्या किंवा जखमी पेशींतून एचएमजीबी-१ सारखी प्रथिने आणि हायल्युरोननचे तुटलेले तुकडे बाहेर पडतात. टीएलआर-२ आणि टीएलआर-४ यांना हेही रेणू कळतात. वाढणाऱ्या गाठीत पेशी सतत मरत असतात. म्हणजे संवेदकांना उत्तेजित करणारे द्रव्य गाठ स्वतःच पुरवत राहते. पायलोरीने सुरू केलेले काम पायलोरीशिवाय पुढे चालू राहण्याची एक वाट यातून दिसते.


पेशीवाचक :

लेख आवडला, पण एक विसंगती नमूद केल्याशिवाय राहवत नाही. 'दाह बाजूला ठेवून' हे विधान फार पुढे जाते, असे माझे प्रामाणिक मत आहे. एमाद एल-ओमर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये स्कॉटलंड आणि पोलंडमधील लोकांत दाखवले की, इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह पेटवणारे संदेशवाहक प्रथिन अधिक तयार करणारी जनुकीय रूपे ज्यांच्यात असतात, त्यांच्यात आम्ल कमी होण्याची आणि जठराच्या कर्करोगाची जोखीम वाढते. २००८ मध्ये उंदरांच्या जठरात हे इंटरल्युकिन मुद्दाम जास्त तयार करवले, तेव्हा केवळ तेवढ्याने दाह झाला आणि पुढे कर्करोगही झाला. इंटरल्युकिन-१ बीटा पक्व होते ते इन्फ्लमासोममध्ये, म्हणजे संवेदक, एएससी हे जोडणारे प्रथिन आणि कॅस्पेज-१ हे विकर यांच्या जुळणीतून. तेव्हा संवेदक, दाह आणि कर्करोग ही जुनी साखळीच येथे पुन्हा सिद्ध होत नाही का?


शरयू :

आक्षेप रास्त आहे, आणि एल-ओमर यांच्या कामाचे महत्त्व मी मुळीच कमी मानत नाही. आशियातील लोकसमूहांत त्याची पडताळणी तितकीशी एकसारखी आली नाही, एवढेच त्यात जोडते. परंतु मेलबर्नच्याच गटाने २०१८ मध्ये काय केले ते पाहा. त्यांनी त्याच जीपी-१३० उंदरांतून एएससी काढून टाकले. गाठी कमी झाल्या. मग त्यांनी इंटरल्युकिन-१ चा रिसेप्टर काढून पाहिला, तर गाठींवर काहीच परिणाम झाला नाही. इंटरल्युकिन-१८ काढले, तेव्हा गाठी पुन्हा कमी झाल्या. या खेपेसही अस्तराचा दाह होता तसाच राहिला आणि बदल झाला तो अस्तरपेशींच्या मरणात.

मला यातून असे दिसते की, दोन्ही प्रयोग खरे आहेत, पण ते आजाराच्या वेगवेगळ्या टप्प्यांबद्दल बोलतात. इंटरल्युकिन-१ बीटा आम्लस्राव दाबते, त्यामुळे ग्रंथींच्या क्षयापर्यंतच्या वाटेवर त्याचे वजन मोठे असणार. जीपी-१३० उंदरांत एसटीएटी-३ आधीच मोकाट असल्यामुळे ते पुढच्या टप्प्यापासून सुरुवात करतात, आणि तेथे इंटरल्युकिन-१८ पेशींना मरू देत नाही. शिवाय झुरिक येथील अ‍ॅन म्युलर यांच्या गटाने लागण झालेल्या उंदरांत असे दाखवले आहे की, डेंड्रायटिक पेशींतून (प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशींतून) येणारे इंटरल्युकिन-१८ दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशी तयार करण्यास मदत करते. एकच रेणू एका पेशीतून आला तर दाह शमवतो आणि दुसऱ्या संदर्भात गाठ जगवतो. म्हणूनच 'हा संवेदक चांगला की वाईट' असे विचारण्यापेक्षा, तो कोणत्या पेशीत आणि आजाराच्या कोणत्या टप्प्यावर जागा झाला, असे विचारणे मला योग्य वाटते.


अबोली :

मी या क्षेत्रातली नाही, तरीही सगळे वाचून काढले आणि बरेचसे कळले. साधा प्रश्न विचारते. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे आणि गोळ्या गेल्या काही वर्षांत घरोघरी पोहोचल्या आहेत. तुमच्या लेखानुसार प्रतिकारशक्ती जागी होणे धोक्याचे आहे, असे समजायचे का?


शरयू :

अबोली, तसे समजू नका. मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगात बीसीजीची लस मूत्राशयात सोडतात. ही पद्धत अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये मांडली आणि ती आजही वापरात आहे. तिच्या परिणामात टीएलआर-२ आणि टीएलआर-४ यांचा सहभाग आहे. टीएलआर-७ ला उत्तेजित करणारे इमिक्विमॉडचे मलम त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगावर लावतात. म्हणजे हेच संवेदक जागे करून कर्करोगावर उपचारही होतात. मात्र हे उत्तेजन ठरावीक जागी, ठरावीक मात्रेत आणि काही आठवड्यांपुरते किंवा टप्प्याटप्प्याने दिले जाते, तर जठरात ते तीस-चाळीस वर्षे अविरत चालते. फरक या कालावधीचा आणि जागेचा आहे. काढ्याने यातले कोणते संवेदक किती जागे होतात हे कोणी मोजलेले नसताना 'प्रतिकारशक्ती वाढते' असे सरसकट सांगणे मला अजिबात पटत नाही. आणि काढा घेऊन पायलोरी जात नाही, हे मात्र निश्चित सांगते.


उत्तरायण :

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे मिझोरममधील ऐझॉलमध्ये होतो. तेथे जठराच्या कर्करोगाचा रुग्ण नाही असे घर शोधावे लागावे, अशी माझी भावना झाली होती. पुढे पाहिले तर पुरुषांमधील या कर्करोगाचे देशातील सर्वाधिक प्रमाण ऐझॉल जिल्ह्यातच नोंदले गेले आहे. तेथे धुरावर सुकवलेले मांस, डुकराच्या चरबीपासून आंबवून केलेले सा-उम आणि तंबाखूचा धूर पाण्यातून नेऊन बनवलेले तुइबुर यांचे सेवन सर्रास होते, आणि तेथील अभ्यासांत या तिन्हींचा कर्करोगाशी संबंध आढळला आहे. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाची नोंदणी होते. तेथील जठराच्या कर्करोगाचे प्रमाण ऐझॉलच्या मानाने अगदीच कमी आहे. पायलोरीची लागण तर दोन्हीकडे मुबलक. या तफावतीत संवेदकांचा काही वाटा असेल का?


शरयू :

उत्तरायण, भारतात लागण भरपूर आणि कर्करोग त्या मानाने कमी, हे कोडे जुने आहे. भारतातील बहुतेक वाणांत कॅग-ए असते, मात्र ते पूर्व आशियातील वाणांसारखे नसून पाश्चात्त्य धाटणीचे असते, आणि पूर्व आशियाई कॅग-ए पेशीतील एसएचपी-२ या प्रथिनाला अधिक घट्ट धरते. एवढ्याने कोडे सुटत नाही, कारण आहार आणि तंबाखू यांचा वाटा आपण सांगितलाच आहे.

यजमान आणि जीवाणू यांची जोडी किती महत्त्वाची असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण कोलंबियाच्या नारिन्यो प्रांतात आहे. अँडीज पर्वतातील तुकेरेस आणि पॅसिफिक किनाऱ्यावरील तुमाको यांच्यात अंतर साधारण २०० किलोमीटरचे. दोन्हीकडे जवळपास सगळ्यांनाच पायलोरीची लागण आहे, पण तुकेरेसमध्ये जठराच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे २५ पट आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही ठिकाणच्या माणसांचा आणि त्यांच्या जठरातील जीवाणूंचा वंश ताडून पाहिला. किनाऱ्यावर माणसे बव्हंशी आफ्रिकी वंशाची आणि त्यांच्या जीवाणूंतही आफ्रिकी अंश मोठा, तेथे इजा सौम्य होती. पर्वतात माणसे मूळ अमेरिकी वंशाची, आणि त्यांच्यापैकी ज्यांच्या जीवाणूंत आफ्रिकी अंश जास्त होता त्यांची इजा तीव्र होती. पायलोरी माणसाबरोबर किमान पन्नास हजार वर्षे प्रवास करतो आहे. एकमेकांसोबत उत्क्रांत झालेल्या जोडीत संवेदकांची प्रतिक्रिया जितकी मवाळ झालेली असते, तितकी ती अनोळखी जोडीत नसते, असे मला संभाव्य वाटते. संवेदकांच्या जनुकांत माणसामाणसांत फरक असतो, हे तर दाखवलेलेच आहे. २०१३ मध्ये जर्मन आणि डच लोकांच्या संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासात लागण असण्या-नसण्याशी टीएलआर-१ च्या जागेचा संबंध आढळला होता.


मनवा :

मी आतापर्यंत फक्त वाचत होते. माझे वडील याच आजाराने गेले. त्यानंतर माझ्या तपासणीत पायलोरी निघाला आणि औषधांचा कोर्स पूर्ण केला, पण पुढे काय करायचे हे कोणी नीट समजावून सांगितले नाही. धाकटी बहीण तर तपासणीलाच तयार नाही, कारण तिला कसलाच त्रास नाही. टीएलआर-२ अडवणारे औषध आमच्यासारख्यांसाठी कधी येईल का?


शरयू :

मनवा, वडिलांबद्दल वाचून फार वाईट वाटले.

टीएलआर-२ अडवणारे प्रतिपिंड उंदरांत परिणामकारक ठरले आहे, पण जठराच्या कर्करोगासाठी आज कोणताही डॉक्टर ते आपल्याला लिहून देऊ शकत नाही. ते आलेच, तर गाठ असलेल्या आणि ही साखळी सक्रिय असलेल्या निवडक रुग्णांसाठी येईल. आपल्या बहिणीसाठी मात्र त्याची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण जीवाणू वेळेवर घालवला तर नॉड-१ आणि एएलपीके-१ यांना जागे करणारे द्रव्यच नाहीसे होते. कोरियात जठराच्या कर्करोगाच्या रुग्णांची सख्खी भावंडे आणि मुले घेऊन एक चाचणी झाली. ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांना पायलोरीची लागण होती. निम्म्यांना औषधे दिली आणि निम्म्यांना औषधासारख्या दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या. सुमारे ९.२ वर्षांच्या पाठपुराव्यात औषधे घेतलेल्यांपैकी १.२ टक्के लोकांना कर्करोग झाला, तर दुसऱ्या गटात २.७ टक्के लोकांना. ज्यांच्यातून जीवाणू खरोखर गेला त्यांच्यात हे प्रमाण ०.८ टक्के होते आणि ज्यांच्यात तो राहिला त्यांच्यात २.९ टक्के.

या शेवटच्या दोन आकड्यांमुळेच आपल्याला आग्रहाने सांगते की, कोर्स पूर्ण झाला म्हणजे जीवाणू गेला असे धरू नका. आपल्याकडे क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकांना दाद न देणारे वाण पुष्कळ आहेत. औषधे संपल्यानंतर किमान चार आठवड्यांनी श्वासाची युरिया तपासणी किंवा शौचाची प्रतिजन तपासणी करून घ्या. त्याआधी दोन आठवडे पँटोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारून थांबवा, नाही तर जीवाणू असूनही तपासणी नकारात्मक येऊ शकते. बहिणीची पहिली तपासणीही याच दोन्हींपैकी एका पद्धतीने होऊ शकते. आपल्या दुर्बिणीच्या तपासणीत ग्रंथींचा क्षय किंवा आतड्यासारखे अस्तर असा उल्लेख असेल, तर जीवाणू गेल्यानंतरही ठरावीक अंतराने ती तपासणी करत राहावी लागेल. कृष्णाकाठ यांनी विचारलेला प्रश्न नेमका त्या टप्प्याचा आहे. अहवालात हे शब्द आहेत का, ते पाहून येथे किंवा व्यक्तिगत निरोपात लिहा. बहिणीला त्रास नाही म्हणून ती थांबली असेल, तर उएमुरा यांच्या अभ्यासातले लागण नसलेले २८० आणि लागण असलेले १,२४६ हे आकडे तिला दाखवा.


कृष्णाकाठ :

मनवा, एक भर घालतो. बायोप्सीच्या काचा आणि मेणातले ठोकळे प्रयोगशाळेत काही काळ जपून ठेवलेले असतात. अहवालात क्षयाचा किंवा आतड्यासारख्या अस्तराचा उल्लेख नसेल आणि शंका असेल, तर काचा मागून घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घेता येते. तुकडे जठराच्या खालच्या आणि मधल्या अशा दोन्ही भागांतून वेगवेगळ्या बाटल्यांत घेतले होते का, हेही विचारा. एकाच भागातल्या तुकड्यावरून क्षय किती पसरला आहे हे सांगता येत नाही.